टॉम हेगन नसलेलं घर

‘द गॉडफादर’चा तिसरा भाग २५ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेत झळकला आणि त्याच्या उणेपणाचं खापर एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर फुटलं. विनोना रायडर ऐन वेळी बाहेर पडल्यावर फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने मायकेलच्या मुलीच्या, मेरीच्या, भूमिकेत स्वतःच्या मुलीला, सोफियाला, उभं केलं होतं. ती अवघडलेली दिसते, हे खरंच. तिला त्या वर्षीच्या वाईट अभिनयासाठीचे दोन रॅझीही मिळाले. पण पावणेतीन तासांच्या सिनेमाचं ओझं एकट्या पोरीने का वाहायचं?

खरी तूट कॅमेरा सुरू होण्याआधीच पडली होती. मायकेल झालेल्या अल पचिनोला आपल्यापेक्षा कितीतरी पट मानधन मिळतंय, हे रॉबर्ट ड्युव्हॉलला मान्य नव्हतं. तो आलाच नाही. मग टॉम हेगन आधीच वारल्याचं सांगून जॉर्ज हॅमिल्टनचा गुळगुळीत वकील आणला गेला. टॉम काही नुसता वकील नव्हता. मायकेलच्या भावाने, सनीने, रस्त्यावरून घरी आणलेला, वडील व्हिटोने मुलासारखा वाढवलेला, रक्ताचा नसून घरचा. मायकेल जे झाला ते त्याच्या बायकोने, केने, बंद दाराबाहेरून पाहिलं, टॉमने आतून. तिसऱ्या भागात मायकेल भाऊ फ्रेडोच्या खुनाची कबुली देतो ती कार्डिनलपुढे, अंगणात. प्रसंग सुंदरच आहे. पण परक्यापुढे रडणं त्यामानाने सोपं. टॉमच्या नजरेला नजर देऊन तेच शब्द उच्चारायला मायकेलला किती जड गेलं असतं!

शिवाय काळही सरला होता. दुसरा भाग डिसेंबर १९७४चा. निक्सनने राजीनामा देऊन चार महिने झाले होते. सभ्य चेहऱ्याआडची सत्ता किती किडलेली असते, हे अमेरिकेने नुकतंच अनुभवलं होतं. शेवटी मायकेल एकटा बसून राहतो, आणि तीच त्याची शिक्षा. तिच्यावर अपील नव्हतं. सोळा वर्षांनी कोपोला ते घेऊन आला. ‘वन फ्रॉम द हार्ट’ १९८२मध्ये आपटल्यापासून कर्ज मानेवर होतं, हेही त्यामागचं एक कारण. तोवर, सप्टेंबर १९९०मध्ये, स्कॉर्सेसीच्या ‘गुडफेलाज’ने माफियांचा राजेशाही थाट उतरवून ठेवला होता. (आपल्याकडे राम गोपाल वर्मानेही २०१७मध्ये ‘सरकार’मधल्या नागरेंच्या घराचं दार तिसऱ्यांदा ठोठावलं. आत फारसं कुणी उरलं नव्हतं.)

तिसऱ्या भागाने घेतलेला व्हॅटिकनच्या बँकेचा विषय मात्र जबरदस्त होता. तिच्याशी लागेबांधे असलेली बँको अँब्रोसियानो १९८२मध्ये बुडाली, तिचा प्रमुख रोबेर्तो काल्वी लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. पहिल्या दोन भागांतला गुन्हा जेवणाच्या टेबलावर, लग्नात, बाप्तिस्म्यात घडायचा. इथे तो कागदपत्रांत आणि संचालकांच्या बैठकांत अडकतो. प्रेक्षक हिशेब लावत बसतो.

आणि तरीही पालेर्मोच्या तेआत्रो मासिमोच्या पायऱ्या आहेत. मेरी कोसळते, मायकेल तोंड उघडतो आणि किंकाळी ऐकूच येत नाही. संकलक वॉल्टर मर्चने आवाज काढून टाकला होता. कोपोलाला सिनेमाचं नावच ‘द डेथ ऑफ मायकेल कॉर्लिऑनी’ हवं होतं, स्टुडिओने ते नाकारलं. २०२०च्या नव्या संकलनात त्याने ते नाव वापरलं, आणि त्याच आवृत्तीतून खुर्चीवरून कोसळणाऱ्या म्हाताऱ्या मायकेलचा मृत्यू वगळला.