लालबाग-परळची सुधारणा कोणासाठी?

मुंबईतील लालबाग-परळची सुधारणा झपाट्याने चालली आहे, असे हल्ली जो तो सांगत असतो. जेथे गिरण्यांची धुराडी होती तेथे आभाळाला टेकणारे मनोरे उभे राहिले. जेथे साचे खडखडत होते तेथे काचेची दुकाने व कचेऱ्या थाटल्या गेल्या. हे सर्व खरे आहे. परंतु सुधारणा हा शब्द कानी पडताच सत्यशोधकी वळणाच्या माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ही सुधारणा कोणाची? गावकऱ्यांची, की गावकऱ्यांस उठवून त्यांच्या जागेवर येऊन बसलेल्यांची?

हे गिरणगाव वसविले कोणी? कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. तेव्हापासून कोकणातला कुणबी-मराठा, घाटावरचा कर्जाने पिचलेला शेतकरी, गावकुसाबाहेरचे आमचे महार बंधू, तेलंगणातील पद्मशाली विणकर आणि उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात राहिलेला मुसलमान जुलाहा, असे नाना जातींचे व नाना भाषांचे लोक पोटासाठी येथे आले. एकेका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने निजली. त्यांस जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनी चुलीपुढे आपले आयुष्य जाळले; याच बायांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या नावाने बांधली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे कलापथक याच चाळींच्या चौकांत उभे राहिले. आमच्या चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु'तून याच लोकांचे गाऱ्हाणे वेशीवर टांगले आणि १८९० साली त्यांच्या बळावर रविवारची सुटी मिळविली. आज मनोऱ्यातील कचेरीत काम करणारा बाबू रविवारी स्वस्थ झोप घेतो. ती कोणाच्या पुण्याईने, हे त्याच्या गावीही नसते!

जुने ते सर्व सोने, असे म्हणण्याचा भोळेपणा मात्र आम्ही करणार नाही. गिरणीत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य बंधूंस विणकामाच्या चांगल्या पगाराच्या खात्यात शिरू देत नसत. हा अन्याय मालकाइतकाच आमच्या मराठा-कुणबी कामगारांनीही केला, हे कबूल करताना आम्हांस लाज वाटते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडावा लागला. चाळीही जातवार होत्या. तरी एकाच भोंग्याने उठणारी व एकाच मोर्चात चालणारी माणसे हळूहळू एकमेकांस ओळखू लागली होती. समतेचे ते काम अर्धवट होते, पण चालू होते. ते पुरे होण्यापूर्वीच त्याच्या खालची जमीन विकली गेली.

ती कशी विकली गेली, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप फुटला असेही नाही, मिटला असेही नाही. कामगार मात्र मोडला. पुढे मालकांस कापडापेक्षा जमिनीत अधिक पैसा दिसू लागला. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकावयास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते: एक महापालिकेस मोकळ्या मैदानांसाठी, एक म्हाडास घरांसाठी व एक मालकास. २००१ साली सरकारने या नियमास अशी मुरड घातली की, इमारतींखालची जमीन वगळून केवळ आवारातील मोकळ्या तुकड्याचेच वाटे व्हावेत! उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांची बाजू घेतली, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. सुमारे सहाशे एकरांच्या गिरण्यांतून मैदानांच्या व गरिबांच्या पदरी असा उरलासुरला चतकोर आला. कष्टकऱ्यांनी वारूळ बांधले आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसले!

मनोरे उठले, माणसे वाढली. पण रस्ते आणि रेल्वेचे पूल गिरणीच्याच काळातले राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांस आग लागून १४ जीव गेले. तरीही तीस सुधारणाच म्हणावयाचे!

कोणी म्हणेल, 'कामगारांवर कोणी जुलूम केला काय? त्यांनी आपखुशीने खोल्या विकल्या आणि डोंबिवली-विरार गाठले.' सावकाराच्या ओट्यावर आमचा शेतकरीही आपखुशीनेच अंगठा उठवीत असे! चाळ पडते, मनोरा चढतो व भाडेकरूस घर फुकट मिळते, इथवर ठीक. पण मग उद्वाहक, पंप, पहारेकरी व रंगरंगोटी यांच्या खर्चाचा दरमहा हजारो रुपयांचा कागद दारात येऊन पडतो. राखून ठेवलेला निधी काही वर्षे पुरतो, पुढे घरधनी घायकुतीस येतो. खाली वाण्याचे दुकान गेलेले असते, खानावळ मिटलेली असते. स्वस्त भाजी दूर जाते आणि पोराच्या शाळेची फी दुप्पट होते. हातात वही घेऊन दलाल उभाच असतो. असा माणूस घर विकतो तेव्हा त्यास हुसकून लावण्यासाठी लाठी लागत नाही.

आणि जे राहतात त्यांची गत काय? एकाच आवारात विकत घेणाऱ्यांची इमारत वेगळी व मूळ रहिवाशांची वेगळी, फाटकही वेगळे. काही ठिकाणी मांसमच्छी खाणाऱ्यास घर नाही, मुसलमानास नाही, आडनाव ऐकून दलितासही नाही. ज्या लालबागेत मसाला गल्लीच्या खाटाने वाटसरूस शिंका येतात, तेथे सुक्या बोंबलाच्या वासाने आता सोसायटीस विटाळ होतो! २००५ साली गुजरातेतील एका पारशी गृहसंस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते राखण्यास मुभा दिली. तेव्हापासून या नव्या सोवळ्यास कायद्याचाही आडोसा सापडला आहे. भटजींचे सोवळे आम्ही ओळखून होतो. हे शेटजींचे सोवळे संगमरवरी आहे, इतकाच फरक. लोअर परळला जाहिरातींतून 'अप्पर वरळी' म्हणण्याची युक्तीही त्यातलीच. गावातून माणूस काढावयाचा, तर आधी गावाचे नाव काढावे.

आम्ही चाळी जपून ठेवा म्हणत नाही. गळके छप्पर व सामाईक संडास यांत कसलेही काव्य नाही. ज्यांस त्यात राहावे लागत नाही त्यांनीच ते गावे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आम्हांस आनंदच आहे. पण ती कुटुंबे वीस वर्षांनीही तेथेच असतील काय, ही खरी कसोटी आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मूळ रहिवाशाच्या घराचा देखभालखर्च त्याच आवारातील विक्रीच्या नफ्यातून कायमचा भागविला जावा. एका आवारास एकच फाटक असावे. जात, धर्म वा ताट पाहून घर नाकारणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्द व्हावी. आणि ज्या दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी व वारसांनी घरासाठी अर्ज केले, त्यांस बदलापूरच्याही पलीकडे शेलू-वांगणीस न धाडता मुंबईतच जागा मिळावी. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या म्हाताऱ्या कामगारांनी हेच मागितले. ती भीक नव्हे, ती थकबाकी आहे.

आमच्या बांधवांसही दोन शब्द. दलालाच्या वहीवर सही करण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोला. मग तो शेजारी कुणबी असो, बौद्ध असो की मुसलमान. १८९३ च्या दंग्यानंतर लोखंड्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांस एकत्र बोलाविले होते, त्याचे मर्म हेच. एकेकटा विकला जातो, चाळ एकजुटीने उभी राहिली तर तिला विकत घेणारा शेटजी अजून जन्मास यावयाचा आहे.