‘बळकावणे’ या शब्दाविषयी

इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत ‘गादी बळकावली’ हे शब्द इतक्या सहजतेने येतात की, आपण एका माणसाविरुद्ध निवाडा देत आहोत याचे भान लिहिणारास क्वचितच असते. ‘गादीवर बसला’ म्हटले तर ती घटना झाली. ‘बळकावली’ म्हटले की आरोप झाला.

या शब्दाच्या पोटात ‘बळ’ आहे, हे सांगावयास कोश नको. बळकट, बळजोरी, बळेच ही त्याचीच भावंडे. ‘हिसकावणे’ यात झटापट दिसते, ‘लाटणे’ यात लबाडी. ‘बळकावणे’ यात घेण्याइतकेच घट्ट धरून बसणेही आहे. (‘पटकावणे’ मात्र भाग्यवान, बक्षीस पटकावणाऱ्याचे आपण कौतुकच करतो.)

इंग्रजीतील ‘युझर्प’ची कुळी याहून निराळी. तो लॅटिनमधून आला असून तेथे मूळ अर्थ ‘उपयोगास घेणे’ एवढाच होता. रोमन कायद्यात तर वहिवाटीने पक्का होत जाणारा हक्क मध्येच तोडणे, यासच ते नाव होते. वहिवाटीच्या विवाहात पत्नी वर्षातून सलग तीन रात्री घराबाहेर राहिली की, तिच्यावरील पतीचा अधिकार त्या वर्षी पक्का होत नसे. म्हणजे जो शब्द पुढे राज्य लुबाडणारास चिकटला, तो एके काळी दुबळ्या पक्षाच्या कामी येत होता! ग्रीकांचा ‘टायरनॉस’ही आरंभी केवळ परंपरागत हक्कावाचून सत्तेवर आलेला पुरुष होता, क्रौर्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

आमच्या इतिहासात या शब्दाची खरी कसोटी लागते ती रघुनाथरावांपाशी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यानंतर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांस रीतसर मिळाली. मग बळकावले कसे म्हणावे? आमचे मत असे की, वस्त्रांनी पद मिळते. ते रिकामे कसे झाले, हा प्रश्न वस्त्रांनी झाकला जात नाही. तो प्रश्न रामशास्त्री प्रभुणे यांनी विचारला. पेशव्यांच्याच न्यायासनावरील या पुरुषाने नव्या धन्यास दोषी ठरविले आणि पुणे सोडले. शत्रूने दिलेल्या दूषणाहून या शब्दाचे वजन निराळे आहे.

कारण शत्रूच्या तोंडी हा शब्द स्वस्त असतो. शिवरायांनी तोरणा घेतला असे आपण म्हणतो. विजापूरच्या दरबारास तो बळकावला असेच वाटले असणार. म्हणून ‘बळकावणे’ लिहिताना हा निवाडा कोणाचा, आणि तो देणारास त्यात लाभ होता की हानी, हे विद्यार्थ्यांनी पाहावे, असा आमचा आग्रह आहे. रामशास्त्र्यांस लाभ कोणताच नव्हता.

पुढे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांस मरणोत्तर पुत्र झाला. बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे कारभार चालविला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि १७७५ साली सुरतेचा तह करून बसले. स्वतःचे बळ सरले, तेव्हा परक्याचे उसने घेतले. युद्ध लांबले. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला, त्यांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली, आणि वस्त्रे आठ वर्षांच्या मुलाकडेच राहिली.