पिशवी, खाडा आणि आरोग्य धोरण

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात पोहोचला, तो आरोग्य खात्याच्या नोंदींमुळे नव्हे. गावोगाव बायकांशी बोलणाऱ्या महिला संघटना, कार्यकर्ते आणि पत्रकार यांनी तो तिथवर नेला. त्यानंतर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण ३.३ टक्के होते. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे धरले, तरी एवढी तफावत केवळ आजाराने पडत नाही.

तिचे कारण शस्त्रक्रियागृहात सापडणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल तोडीतून फेडायची असते. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. राहण्याच्या कोपीजवळ शौचालय नाही. मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे मग ठरलेलेच. खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि दर महिन्याचा खाडा टळेल हा हिशेब त्या बाईलाही पटतो. दोन-तीन मुले झालेली, पस्तिशीही न गाठलेली बाई या खर्चासाठी पुन्हा उचल घेते. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वयाआधीच वाढतो.

दवाखान्याच्या केसपेपरवर यातले पांढरे जाणे आणि दुखणे तेवढे उतरते. खाडा उतरत नाही. त्याविषयी विचारतो तो वस्तीवर जाणारा कार्यकर्ता, आणि आरोग्य धोरण ठरवताना त्याला जागा असावी याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

हा प्रश्न एकट्या बीडचा नाही. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरीब स्त्रियांवर झालेल्या अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारी विमा योजनेचा पैसा मिळवण्यासाठी काही रुग्णालये पिशव्या काढतात, असा तिचा आरोप होता. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या हा त्या सूचनांचा गाभा. याचिकेपासून आदेशापर्यंत दहा वर्षे गेली. कार्यकर्त्यांचे म्हणणे धोरण आखतानाच ऐकले गेले असते, तर ते न्यायालयामार्फत ऐकवावे लागले नसते.

ऐकले गेले तेव्हा काय होते, याचेही दाखले आहेत. छत्तीसगडमध्ये २००२ साली लोकसंघटनांच्या सहभागाने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तींची ‘मितानिन’ योजना उभी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर ‘आशा’ नेमल्या, त्यामागे तो अनुभव होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि २०११ पासून ‘आशां’च्या घरभेटींच्या रूपाने ती पद्धत देशाच्या धोरणात आली.

धोरण तज्ज्ञांनी पुराव्यावर आखावे, चळवळींच्या दबावाखाली नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. पण वरील प्रत्येक प्रकरणात पुरावा गोळा झाला तो लोकांमध्ये काम करणाऱ्यांच्याच हातून. संस्थांचेही हितसंबंध असतात, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी देखरेख समित्यांवरील त्यांची नेमणूक ठरावीक मुदतीची असावी आणि बैठकांचे इतिवृत्त जाहीर व्हावे. २००७ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीत अधिकारी आणि गावकरी जनसुनवाईत समोरासमोर बसत होते; तेवढा उघडेपणा इथेही शक्य आहे.

बीडमध्ये शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, हे योग्यच झाले. मात्र ती परवानगी जिल्ह्याच्या हद्दीत चालते, आणि ऊसतोड कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असते. म्हणून देखरेख समित्यांवर ऊसतोड महिलांच्या संघटना, आशा आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते यांना मतदानाच्या अधिकारासह जागा हवी. शस्त्रक्रियेच्या नोंदीत स्त्रीचे काम, खाडा आणि खर्च कोणी दिला हे रकाने हवेत. तोडीच्या मुक्कामी आरोग्य तपासणीची जबाबदारी कारखाना आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर लेखी टाकली गेली पाहिजे, आणि पाळीतील सुटीला खाडा लावता येणार नाही, हे कामगार खात्याने मुकादमांच्या करारातच नमूद करायला हवे. यातले शेवटचे काम आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येत नाही. पण त्याशिवाय बाकीची कामे फार पुढे जाणार नाहीत.