मालक कोण, ते आधी विचार

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन. जपानहून ऑफर आलीये, शाळांमध्ये इंग्रजी शिकवायची. मार्चअखेर निघायचं, एप्रिलपासून कामावर. ही पोरगी पुण्यात नोकरी सांभाळून तीन वर्षं रविवारचे जपानीचे क्लास करत होती, एन३ पास झाली. त्यामुळे आनंद झालाच. मग तिने तो प्रश्न विचारला, "कंपनी चांगली आहे का रे?"

मी टोकियोत दीड वर्ष ऑनसाइट होतो, एवढंच माझं या विषयातलं क्वालिफिकेशन. पण माझ्याआधी तिने आणखी चौघांना विचारलं होतं आणि चौघांनीही एकच सांगितलं होतं: मोठी कंपनी आहे ना, मग डोळे झाकून सही कर. जपानी लोक शिस्तीचे, तिथे फसवाफसवी नसते.

हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. 'मोठी म्हणजे चांगली' हे आपल्या डोक्यात कॅम्पस प्लेसमेंटपासून इतकं घट्ट बसलंय की आपण कॉन्ट्रॅक्ट वाचायच्या आधी लोगो वाचतो. आणि जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या धंद्यात तर या समजुतीचा निकाल २००७ सालीच लागलेला आहे.

नोव्हा नावाची कंपनी होती. इंग्रजी संभाषणाच्या खासगी क्लासना तिथे 'एइकाइवा' म्हणतात, आणि त्यातली ही सगळ्यात मोठी साखळी. देशभर शेकडो शाखा, लाखो विद्यार्थी, चार हजारांच्या आसपास परदेशी शिक्षक. तिच्या जाहिरातीतला गुलाबी ससा घराघरात माहीत होता. यापेक्षा मोठी कंपनी या धंद्यात नव्हतीच! आता धंद्याची रीत बघा. विद्यार्थ्यांकडून शेकडो तासांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यातून नव्या शाखा उघडायच्या. नवे विद्यार्थी येत राहिले तोवर सगळं झकास. एप्रिल २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मध्येच क्लास सोडणाऱ्यांना पैसे परत करण्याचा कंपनीचा हिशोब बेकायदेशीर आहे. जूनमध्ये सरकारने दीर्घ मुदतीचे नवे करार करायला सहा महिने बंदी घातली. नळ बंद झाला आणि टाकीत काहीच नव्हतं. २६ ऑक्टोबर २००७ ला कंपनी ओसाकाच्या कोर्टात जाऊन उभी राहिली.

शिक्षकांचे पगार त्याआधीच थकले होते. घरभाडं पगारातून कापलं जायचं, पण ते घरमालकापर्यंत पोचतच नव्हतं, त्यामुळे काहींना घर सोडायच्या नोटिसा आल्या. काही शिक्षकांनी चक्क जेवणाच्या बदल्यात इंग्रजीचे धडे द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास अध्यक्षमहाशयांचं ओसाकातलं ऑफिस पत्रकारांना दाखवण्यात आलं, तर आत सौना आणि चहासमारंभाची खोली! पुढे २००९ मध्ये या गृहस्थांना कर्मचाऱ्यांच्या निधीतला पैसा वापरल्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलं. नोव्हा हे नाव नंतर दुसऱ्या मालकांनी चालवलं. २०१० मध्ये जिओस ही आणखी एक मोठी साखळी बुडाली. सांगायचा मुद्दा, लोगोचा आकार हा काही पगाराचा विमा नाही.

"बरं, पण ही क्लासवाली कंपनी नाहीये," मैत्रीण म्हणाली. "सरकारी शाळेत एएलटी म्हणून जायचंय."

एएलटी म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. मुख्य शिक्षक जपानी, आपण त्याच्या बरोबर वर्गात. जपानमध्ये २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख सक्तीची झाली. २०२० पासून तिथे तो रीतसर विषय झाला आणि ओळखीचे तास तिसरीपासून सुरू झाले. म्हणजे माणसं हवीतच. प्रश्न असा की ती कामावर ठेवतं कोण?

एक रस्ता जेट प्रोग्रॅमचा. १९८७ पासून चालू असलेली सरकारी योजना. मालक म्हणजे तिथली नगरपालिका किंवा प्रांत, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि २०२५ च्या एप्रिलपासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन. पण ते दार वर्षातून एकदाच उघडतं आणि सगळ्यांसाठी उघडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे शहराच्या शिक्षण मंडळाने थेट नेमणूक करणं. तोही स्वर्ग नाही, नेमणूक एकेका आर्थिक वर्षाचीच असते. पण मालक कोण, ते निदान स्पष्ट असतं.

तिसरा रस्ता मधल्या कंपनीचा, आणि मैत्रिणीची ऑफर तिथलीच. शिक्षण मंडळ टेंडर काढतं, कंपन्या बोली लावतात, आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त बोलीवाला जिंकतो. टेंडरची रक्कम आणि शिक्षकाचा पगार यांतला फरक ही कंपनीची कमाई. म्हणजे बोली खाली आली की पगार खाली येणार, हे सांगायला एमबीए लागत नाही. पुढच्या वर्षी टेंडर दुसऱ्याने जिंकलं तर तीच शाळा, तीच मुलं, पण आपण बाहेर, नाहीतर कमी पगारावर नव्या कंपनीत. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे थर्ड पार्टी पेरोलवर क्लायंटच्या ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल. बॅज क्लायंटचा, पगार तिसऱ्याचा, आणि काही बिनसलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्यातही दोन प्रकार आहेत. 'हाकेन' म्हणजे माणूस पुरवणं. यात शाळा शिक्षकाला थेट कामाच्या सूचना देऊ शकते आणि दोन्ही बाजूंवर कायद्याच्या जबाबदाऱ्या येतात. 'ग्योउमु इताकु' म्हणजे काम कंत्राटाने देणं. यात सूचना फक्त कंपनीनेच द्यायच्या. आता गंमत बघा, मदतनीस शिक्षक वर्गात उभा आहे, आणि ज्याला तो मदत करतोय त्या मुख्य शिक्षकाने त्याला "आज हा धडा असा घेऊ" असं सांगणं कायद्यात बसत नाही! सांगितलंच, तर त्याला 'गिसोउ उकेओइ' म्हणतात, म्हणजे कंत्राटाचा खोटा मुखवटा, आणि तो बेकायदेशीर आहे. वर्ग तर सूचनांशिवाय चालत नाही. मग करायचं काय? नाटक.

मी तिला कॉन्ट्रॅक्ट वाचून दाखवायला सांगितलं. तासांच्या रकान्यात आकडा निघाला आठवड्याला साडेएकोणतीस. तीस नाही, साडेएकोणतीस! शाळेत हजेरी मात्र सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते चार. मधले रिकामे तास म्हणे 'कामाचे' नाहीत. हा अर्धा तास कुठे गेला असेल? जपानमध्ये पूर्णवेळ नोकराचं नाव 'शाकाई होकेन'मध्ये, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये घालावं लागतं आणि हप्त्याचा अर्धा भार मालकावर असतो. पूर्वापार मोजमाप असं की पूर्णवेळाच्या तीन चतुर्थांश काम असेल तर नोंदणी हवी. चाळीसचे तीन चतुर्थांश तीस. म्हणून साडेएकोणतीस.

खरं म्हणजे ही युक्ती आता शिळी झालीये. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना आठवड्याला वीस तासांवरच्या लोकांचीही नोंदणी करणं भाग पडलं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो नियम ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. तरी आकडा तसाच छापला जातो, कारण सही करणारा विचारत नाही. नोंदणी नसेल तर माणूस राष्ट्रीय विमा आणि राष्ट्रीय पेन्शन स्वतःच्या खिशातून भरतो. हे पेन्शनचे हप्ते पाण्यात जातात असंही समजू नका. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. आपल्या माणसांचा घाबरटपणा. "व्हिसा त्यांच्या हातात असतो, जास्त बोलू नये." चूक! राहण्याचा दर्जा माणसाच्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. नोकरी बदलली तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. शाळेतून क्लासमध्ये जायचं असेल तर दर्जाही बदलून घ्यावा लागतो, पण तो अर्ज आपण करायचा असतो, जुन्या मालकाने नाही. "मध्ये सोडलं तर अमुक येन दंड" असं कलम दिसलं तर लक्षात ठेवा, कामगार मानक कायद्याच्या १६ व्या कलमाने असा दंड आधीच ठरवून ठेवायला बंदी आहे. आपण दोन वर्षांच्या बाँडवर निमूट सह्या केलेली पिढी, आपल्याला हे खरंच वाटत नाही.

आणि दुसरी भीती त्याहून नाजूक. "आपण काय गोरे नाही, नेटिव्ह नाही, मिळालं हेच नशीब." जाहिरातींत नेटिव्ह हा शब्द सर्रास असतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा कातडीचा रंग असाच निघतो, हे मीही नाकारत नाही. पण एक गोष्ट बघा. 'इन्स्ट्रक्टर' दर्जाच्या नियमांत जिथे भाषेची अट आहे, तिथे ती जन्माची किंवा पासपोर्टची नाही. त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं हवं, एवढीच आहे, आणि कंपन्याही हेच मागतात. पहिलीपासून इंग्रजी मीडियममध्ये शिकलेली माझी मैत्रीण त्यात नियमाने बसते. (सेमी-इंग्लिशवाल्या माझ्यासारख्याचं अवघड आहे, ते सोडा.) मग ती उपकाराखाली का असावी? हे 'नशीब' कमी पगारात मिळवायचं असतं असं आपणच मानलं, तर कंपनी का नाही मानणार?

"अरे, पण लोक तर मजेत आहेत तिथे," ती म्हणाली. आहेतच. मुलं गोड असतात, शाळेतलं जेवण चांगलं असतं, पोस्टकार्डासारखी गावं असतात. कुठल्या शाळेत पडाल हा नशिबाचा भाग आहे, तो कोणालाच आधी कळत नाही. कॉन्ट्रॅक्ट मात्र आधी कळतं. जे आधी कळतं ते वाचायचं नाही आणि जे कळत नाही त्यावर भरवसा ठेवायचा, याला साहस म्हणत नाहीत.

म्हणून माझ्या मते 'चांगली कंपनी कोणती' हा प्रश्नच सोडून द्यावा. चांगला मालक म्हणजे 'मी तुझा मालक आहे' असं कागदावर कबूल करणारा. मग विमा, रजा, ऑगस्टचा पगार ही सगळी जबाबदारी आपोआप त्याच्या दारात येते. ज्याला कबूल करायचं नाही, तो साडेएकोणतीस तास लिहितो.

तिला चार प्रश्न ईमेलने पाठवायला सांगितले. काम हाकेन आहे की इताकु? शाकाई होकेनमध्ये पहिल्या दिवसापासून नाव जाणार का? ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुट्टीत पगार पूर्ण की कापून? आणि टेंडर गेलं तर माझं काय?

बुधवारी उत्तर आलं. अगदी नम्र, माफी मागत मागत लिहिलेलं. पहिलं उत्तर इताकु. दुसरं, 'तासांनुसार ठरेल'. तिसरं, ऑगस्टमध्ये साठ टक्के. चौथ्या प्रश्नाचा उल्लेखच नाही.

"एवढं विचारलं म्हणून ऑफर काढून घेतील का रे?" तिने परवा विचारलं. मी म्हटलं, घेतील कदाचित. पण मग ते मार्चमध्ये पुण्यात कळलेलं बरं, की ऑगस्टमध्ये चिबाच्या एखाद्या खोलीत भाडं थकल्यावर?

तिने अजून सही केलेली नाही. चौथ्या प्रश्नाचं स्मरणपत्र काल पाठवलंय.