गोल न झाल्याचं श्रेय कुणाला?

ग्राउंडवर टीम पाडताना एक नियम न सांगता पाळला जातो. ज्याला खेळता येतं तो पुढे, ज्याला येत नाही तो मागे. "तू डिफेन्सला थांब रे" याचा खरा अर्थ "तू मधे मधे करू नकोस" असा असतो. सगळ्यांनाच गोल मारायचाय. गोल अडवण्यात कसलं आलंय थ्रिल?

म्हणूनच मला महेश गवळीबद्दल लिहायचंय. "कोण महेश गवळी?" असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यासाठीच हा लेख आहे. बायचुंग भुतिया आणि सुनील छेत्री ही नावं क्रिकेटशिवाय काही न बघणाऱ्यालाही माहीत असतात. गवळी या दोघांबरोबर भारताकडून खेळला. फक्त त्यांच्या मागे उभा राहून.

गवळी गोव्याचा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेला सेंटर बॅक. २००३ मध्ये ईस्ट बंगालनं जकार्तात आसियान क्लब चॅम्पियनशिप जिंकली, फायनलला थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला ३-१ असं हरवून. त्या टीममध्ये तो होता. पुढे तो डेम्पोकडून बरीच वर्षं खेळला. आर्मांदो कुलासोंच्या डेम्पोनं २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग जिंकली. त्या डेम्पोचं नाव काढलं की लोकांना रँटी मार्टिन्सचे गोल आठवतात. गवळी आणि समीर नाईक यांनी किती गोल होऊ दिले नाहीत, ते कुठल्या स्कोअरबोर्डवर लिहिणार?

आता खरी गंमत. खेळणं संपल्यावर गवळी कोचिंगमध्ये आला आणि भारतीय टीमचा असिस्टंट कोच झाला. म्हणजे एका न दिसणाऱ्या कामातून दुसऱ्या न दिसणाऱ्या कामात!

पण २०२३ च्या सॅफ चॅम्पियनशिपमध्ये तो दिसला. बंगळुरूला पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच मॅचमध्ये हेड कोच इगोर स्टिमाच यांनी थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातला बॉल उडवला आणि रेड कार्ड खाल्लं. नेपाळच्या मॅचला टीम गवळीच्या हातात. मग स्टिमाच परत आले आणि कुवेतविरुद्ध पुन्हा रेड कार्ड! या वेळी बंदी दोन मॅचची. म्हणजे सेमीफायनल आणि फायनल दोन्हीला साइडलाइनवर गवळीच. (स्टिमाच स्वतःसुद्धा डिफेंडर. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा सेंटर बॅक. डिफेंडर स्वभावानं शांत असतात असं मी म्हणणार होतो, पण राहू दे.)

सेमीफायनलला लेबनॉन. आपला मुख्य डिफेंडर संदेश झिंगन कार्डांमुळे बाहेर. तरी १२० मिनिटांत लेबनॉनला एकही गोल करता आला नाही, आणि पेनल्टीवर आपण ४-२ नं जिंकलो. फायनलला कुवेतनं आधी गोल केला, छांगतेनं बरोबरी साधली, आणि पेनल्टीवर गुरप्रीतनं शेवटची किक अडवून ५-४ असा कप आणला. पाच मॅचमध्ये आपल्यावर फक्त दोन गोल झाले, त्यातला एक आपल्याच अन्वर अलीचा स्वयंगोल. म्हणजे समोरच्यांनी पूर्ण स्पर्धेत मारलेला गोल एकच!

दुसऱ्या दिवशी फोटो छेत्री आणि गुरप्रीतचे. त्यात चूक काही नाही, त्यांनी कमावलं होतं ते. टीम स्टिमाचनी बांधली होती हेही कबूल. पण हेड कोच स्टँडमध्ये बसलेला असताना १२० मिनिटांच्या लागोपाठ दोन नॉकआउट मॅच निभावणं म्हणजे नुसती जागा अडवून बसणं नव्हे.

मला वाटतं, डिफेंडर चांगला असिस्टंट होतो याला कारण आहे. स्ट्रायकरला समोर गोल दिसतो, सेंटर बॅकला सगळं मैदान दिसतं. कोण जागा सोडून गेलाय, कोण दमलाय, लाइन कुठे तुटतेय, हे बघत सतत ओरडत राहणं हेच त्याचं काम. बॉल पायाशी नसतानाच तो जास्त खेळत असतो. सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. रिटेनिंग वॉल उभी आहे तोवर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे भारतीय माणूस असिस्टंटच शोभतो असं जणू ठरूनच गेलं होतं. सावियो मदेरा यांच्यानंतर २०१२ पासून सीनियर टीमचे हेड कोच परदेशीच राहिले. कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मानोलो मार्केझ. यातले कोणी मोठ्या तोंडाने आले, कोणी भांडून गेले. २०२४ मध्ये स्टिमाचना काढून मार्केझना आणलं, तरी असिस्टंट गवळीच राहिला. कुठल्या पोराचा गुडघा दुखतो आणि कोण प्रेशरमध्ये गप्प होतो, हे नव्या साहेबाला सांगणारा कुणीतरी लागतोच ना? मग इतकं सगळं माहीत असलेल्यालाच साहेब करायला काय हरकत होती?

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील हेड कोच झाले, तेव्हा तेरा वर्षांनी पहिला भारतीय म्हणून बातम्या झळकल्या. मी त्या बातम्या खालपर्यंत वाचल्या, कारण मला हेड कोचच्या नावाखालचं नाव बघायचं होतं.