रंगहीन रक्ताचा मासा

मनुष्याप्रमाणेच बहुतेक सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांचे रक्त लाल असते. हा रंग प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील आइसफिश हा मासा मात्र त्याला अपवाद आहे. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. ते पाण्यासारखे पारदर्शक दिसते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले.

तेथील खारे पाणी सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते. माशाच्या रक्तातील विशेष प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांची वाढ रोखतात, म्हणून तो गोठत नाही. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. मोठे हृदय व रुंद रक्तवाहिन्या यांच्या बळावर भरपूर रक्त खेळवून हा मासा तेवढ्यावर निर्वाह करतो.

२०२१ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन नौकेवरील संशोधकांना वेडेल समुद्राच्या तळाशी या माशांची विशाल वसाहत आढळली. सुमारे २४० चौरस किलोमीटर क्षेत्रात सहा कोटी घरटी असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. बहुतेक घरट्यांत एकेक मासा अंड्यांची राखण करीत होता.

पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. ही तूट भरून काढण्यास या जिवाजवळ हिमोग्लोबिनची शिल्लक नाही. थंडी हेच त्याचे एकमेव भांडवल. आणि ते त्याच्या नव्हे, मानवाच्या हातून खर्च होत आहे.