शिल्लक पाहून खर्च

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे.

माझी कंबर पाच वर्षे दुखते आहे. बऱ्या दिवशी साचलेली कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हा माझा क्रम होता. खातेदारांना शिल्लक पाहून खर्च करण्यास सांगणारा मी, शरीराच्या खात्यातून मात्र शिलकीबाहेर उचल करीत होतो. आता दुखणे वाढण्याआधीच, घड्याळ पाहून उठतो. कामाचे तुकडे पाडतो. वेदना गेली नाही, परंतु दिवस हाती आला.

म्हणूनच काउंटरवरील कर्मचारी दोन मिनिटे उभा राहिल्यास तो कामचुकारपणा समजू नये. आणि रांगेतील दुखणाईतास खुर्ची देणे हे उपकार नव्हेत, सेवाच होय.